लहान घर मोकळं करायचं तर आधी जमीन मोजा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीत स्वतःचा वन बीएचके, कार्पेट ३७० चौरस फूट. राहणारी माणसं चार: तुम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. हॉल १० बाय १४, बेडरूम १० बाय १०. कामावरून येऊन दार उघडलं की जीव घुसमटतो. डिझायनरने पीओपी सीलिंग, आरशांची भिंत, टीव्हीमागे पॅनेलिंग आणि हॉल-किचनमधली भिंत पाडणं असं मिळून १ लाख ८० हजारांचं एस्टिमेट दिलंय आणि हातात आहेत ४० हजार. एवढ्यात घर मोठं वाटेल का?

वाटेल. पण त्यासाठी आणायच्या वस्तूंची यादी बाजूला ठेवून आधी काढायच्या वस्तूंची यादी करावी लागेल. मी बावीस वर्षं ठाण्यापासून बदलापूरपर्यंत लहान घरांची कामं करतोय. त्याआधी काकांच्या हाताखाली परळ-लालबागच्या चाळींमध्ये पोटमाळे ठोकले. या सगळ्या घरांत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. घर लहान की मोठं, हे माणसाला दोन गोष्टींवरून वाटतं: दारात उभं राहिल्यावर जमीन किती दिसते, आणि नजर पहिल्यांदा कुठे अडते. कार्पेट एरिया कागदावर राहतो. डोळा जमीन मोजतो.

तुमच्या हॉलचा हिशेब तुम्हीच दिलेल्या मापांवरून करतो. एल आकाराचा सोफा ७ फूट बाय साडेपाच, त्याने खाल्ली साधारण २७ चौरस फूट जमीन. सासूबाईंचा दिवाण ६ बाय ३, म्हणजे १८. चार जणांचं डायनिंग टेबल १०, टीव्ही युनिट साडेसात, टीपॉय ६, लोखंडी कपाट ५, चपलांचा रॅक ३. बेरीज साडेशहात्तर. हॉल आहे १४० चौरस फुटांचा. म्हणजे निम्म्याहून जास्त जमीन फर्निचरखाली गेली आणि उरलेली दारांच्या फेऱ्यात, कोपऱ्यांत, सोफा आणि टीपॉयच्या मधल्या दीड फुटी बोळात विखुरली. या हॉलला सोन्याचं सीलिंग लावलं तरी तो घुसमटलेलाच राहील. कारण अडचण खाली आहे आणि खर्च वर सुचवलाय.

मुंबईतल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची. त्यात सहा-आठ माणसांचे संसार झाले, लग्नं झाली, बाळंतपणं झाली. अडचणी होत्याच, त्या मी नाकारत नाही. पण तिथे जमीन पाळ्यांमध्ये काम करायची. सकाळी गाद्या गुंडाळल्या की तिथेच पंगत, पंगत उठली की तिथेच अभ्यास, रात्री परत गाद्या. भांडी मांडणीवर, कपडे दांडीवर, सटरफटर पोटमाळ्यावर. आपण फ्लॅटमध्ये आलो आणि प्रत्येक कामाला वेगळं, जड, जागचं न हलणारं फर्निचर आणलं. बसायला एक, जेवायला एक, झोपायला एक, टीव्ही ठेवायला एक. चाळीसारखं राहा असं माझं म्हणणं नाही. पण एका चौरस फुटाकडून दिवसात दोन कामं करून घ्यायची ती रीत लहान घरात आजही चालते.

आता ज्यावर बरंच काही अवलंबून आहे ते सांगतो. तुमची खिडकी कुठल्या दिशेला आहे, समोर मोकळं आहे की दुसऱ्या इमारतीची भिंत, मजला कितवा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. उजेडाबद्दल मी जे सांगेन ते त्यानुसार थोडं बदलेल. सासूबाईंच्या गुडघ्यांची अवस्था कशी आहे, हेही महत्त्वाचं. त्यांना खाली बसता येत नसेल तर भारतीय बैठकीचा सगळा विचार बाजूला ठेवायचा. आणि पाहुणे किती येतात? आठवड्यातून दोनदा सहा माणसं येत असतील तर एक उत्तर, गणपतीत आणि मे महिन्यातच येत असतील तर दुसरं. वर्षातल्या दहा दिवसांसाठी उरलेले ३५५ दिवस अडचणीत काढू नका, एवढं मी नक्की सांगेन.

पहिले पंधरा दिवस एक रुपयाही खर्च करू नका. दारात उभ्या राहा आणि नजर कुठे थांबते ते पाहा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती दारासमोरच्या लोखंडी कपाटावर थांबते. साडेसहा फूट उंच, गडद राखाडी, वर दोन सुटकेसेस आणि एक मिक्सरचा खोका. ते हॉलमधून काढून बेडरूमच्या दारामागे, तुमच्या कपाटाला लागून उभं करा. लांबची भिंत खालपासून वरपर्यंत दिसायला लागली की त्याच हॉलमध्ये दोन-तीन फूट वाढल्यासारखे वाटतात. हे मी इतक्या घरांत केलंय की एस्टिमेट द्यायच्या आधीच हमालांना बोलावून कपाट हलवून दाखवतो. उंच वस्तू दाराच्या भिंतीला, बुटकी वस्तू समोर, एवढंच त्यातलं सूत्र.

मग खिडकी. आपल्याकडच्या बॉक्स ग्रिलमध्ये काय काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या फोटोत मला रंगाचे रिकामे डबे दिसले, तुळशीच्या मागे तीन सुकलेल्या कुंड्या, एक बंद कूलर आणि प्लॅस्टिकची बादली. उजेड घरात यायच्या आधीच तिथे अडतो. तुळस ठेवा, बाकी सगळं भंगारवाल्याला द्या. काचा आतून-बाहेरून धुवा. ग्रिलला उघडणारी खिडकी असेल तर तिचं कुलूप चालतंय का तेही याच वेळी बघा. आग लागली तर बाहेर पडायचा तो मार्ग असतो आणि बहुतेक घरांत तिथेच सामान रचलेलं असतं.

सामान काढताना सगळं घर एकदम उपसू नका, तीन दिवसांत दमून जाल आणि सगळं परत आत जाईल. एका दिवशी एक कप्पा. रोज लागतं ते हाताच्या उंचीवर, महिन्याने लागतं ते खाली किंवा डोक्याच्या वर, वर्षातून एकदा लागतं ते माळ्यावर. वर्षभरात लागलंच नाही ते मोडीत किंवा कुणाच्या तरी उपयोगी. सुटकेसमध्ये सुटकेस, पातेल्यात पातेलं. लग्नातल्या स्टीलच्या भांड्यांचे बांधलेले संच सोळा वर्षांत उघडले नसतील, तर ते सोळा वर्षं तुमच्या घरात फुकट राहतायत. त्या जागेचा हप्ता मात्र तुम्ही भरताय.

पण इथे मला एक सावधगिरी सांगायची आहे, आणि ती मी चूक करून शिकलो. लालबागच्या एका खोलीत सहा माणसं राहायची. मी मोठ्या उत्साहाने भिंतीवरची जुनी मांडणी उतरवली, तिथे शटरवाली कपाटं केली आणि आजींचे पितळी डबे, तांब्या, घंगाळ सगळं पोटमाळ्यावर चढवलं. खोली खरंच मोकळी झाली. महिन्याभराने उरलेले पैसे घ्यायला गेलो तेव्हा सगळे खुशीत होते, आजी मात्र दारात पाय बाहेर काढून बसलेल्या. त्या म्हणाल्या, "माझ्या हाताला लागेल असं घरात आता काही राहिलं नाही." त्या दर शनिवारी चिंच लावून ते डबे घासायच्या, तो त्यांचा आठवड्यातला तासभर गेला. मी दुसऱ्या दिवशी अडीच फुटांची एक फळी त्यांच्या खांद्याच्या उंचीला ठोकून दिली आणि सात डबे खाली आणले. खोली तेवढीच मोकळी राहिली. तेव्हापासून म्हाताऱ्या माणसाच्या सामानाला हात लावायच्या आधी मी त्यांच्याशेजारी बसतो आणि रोज कशाला हात लागतो ते विचारतो. तुमच्या सासूबाईंच्या दिवाणाखाली ट्रंक आहे असं तुम्ही जरा वैतागून लिहिलंय. ती ट्रंक काढायचीच असेल तर आधी त्यातल्या गोष्टींना त्यांच्या हाताशी जागा द्या.

आता फर्निचर. तुमच्या हॉलमध्ये सोफा आणि दिवाण दोन्ही आहेत. दिवाण लागणारच, कारण सासूबाई तिथे झोपतात. मग दिवसा तीच बसायची जागा करा आणि सोफा विका. हे वाचून तुम्हाला धक्का बसेल, सगळ्यांनाच बसतो. सोफ्याशिवाय हॉल कसा दिसेल, लोक काय म्हणतील? पण तो २७ चौरस फूट खातो आणि त्यावर रोज दोन माणसं बसतात. त्याऐवजी बिनहाताच्या दोन हलक्या खुर्च्या घ्या, वेताच्या किंवा लाकडी, पाय दिसणाऱ्या. खालची जमीन दिसत राहिली की वस्तू जागा कमी अडवते असं डोळ्याला वाटतं, आणि झाडू-फडकंही नीट फिरतं. पाहुण्यांसाठी एकात एक बसणारी चार स्टुलं. तीच टीपॉयचं काम करतील.

दिवाण नवा करू नका. आहे त्याच लाकडी सांगाड्याखाली सुताराकडून दोन मोठे, चाकांवरचे ड्रॉवर करून घ्या, पुढे ओढून उघडणारे. झाकण वर उचलायचा बॉक्स नको. त्यातली चादर काढायची तर आधी माणूस उठवावा लागतो, गादी उचलावी लागते. एका ड्रॉवरमध्ये सासूबाईंची ट्रंकेतली वस्त्रं, दुसऱ्यात पाहुण्यांच्या चादरी-गोधड्या.

टीव्ही भिंतीवर घ्या आणि युनिट काढून टाका. सेट टॉप बॉक्सला आठ इंचाची फळी पुरते. चपलांचा रॅक खोल नको, तिरपे उघडणारे कप्पे असलेला उथळ प्रकार मिळतो, तो भिंतीपासून सात-आठ इंचच पुढे येतो. जेवणाचं टेबल भिंतीला बिजागऱ्यांवर लावलेलं, दुमडणारं करा. १८ मिमी प्लायची ४ बाय २ची फळी आणि खाली मजबूत दुमडते ब्रॅकेट. ब्रॅकेटवर पैसे वाचवू नका, गरम आमटीचं पातेलं त्यावर असणार आहे. फळीला स्क्रू पक्क्या विटेत किंवा काँक्रीटमध्येच हवेत, नुसत्या प्लॅस्टरमध्ये मारलेले सहा महिन्यांत हलायला लागतात. मुलीचा अभ्यासही तिथेच होईल.

परत मोजूया. दिवाण १८, दोन खुर्च्या ८, चपलांचा रॅक दीड. साडेसत्तावीस. १४० पैकी ११२ चौरस फूट जमीन मोकळी. आधी ६३ होती.

बेडरूममध्ये ६ बाय सव्वासहाचा पलंग मधोमध आहे, दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांची वाट. त्या दोन्ही वाटांमधून आडवं होऊनच जावं लागतं. पलंग एका भिंतीला सरकवला तर दुसऱ्या बाजूला सलग चार फूट मिळतात. दोन फुटांच्या दोन पट्ट्या काही कामाच्या नाहीत, चार फुटांच्या एका पट्टीत मुलगी चटई टाकून खेळू शकते, इस्त्री होऊ शकते. तोटा असा की भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री दुसऱ्याला ओलांडून यावं लागतं आणि चादर घालायला कष्ट पडतात. तुमच्यापैकी कुणी पहाटेच्या लोकलसाठी उठत असेल तर त्याने बाहेरच्या बाजूला झोपावं. आणि ती भिंत इमारतीची बाहेरची असेल तर पलंग दोन इंच सोडून ठेवा. पावसाळ्यात अशा भिंती ओल धरतात, चिकटून असलेल्या गादीला बुरशी येते.

दारांकडे कुणाचं लक्ष जात नाही. अडीच फुटांचा पल्ला उघडताना जवळपास पाच चौरस फूट जमीन अडवून ठेवतो. किचनच्या दाराचा पल्ला तुम्ही कधी लावता का? नसाल लावत तर बिजागऱ्या काढून तो माळ्यावर आडवा ठेवून द्या. चौकट तशीच राहू द्या, पुढेमागे घर विकायचं झालं तर परत बसेल.

यामुळे भिंत पाडायचीही गरज राहत नाही. ती भिंत नुसती विटांची आहे की तिच्यात बीम-कॉलम आहे, हे बघून सांगायचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं, मिस्त्रीचं नाही. सोसायटीची लेखी परवानगी लागते, महापालिकेचे नियम असतात. शिवाय रोजची फोडणी, मासळी, कुकरची वाफ सगळं हॉलमध्ये येणार, जिथे सासूबाई झोपतात. आणि भिंत गेली की त्या भिंतीवरची मांडणी गेली, फ्रिजची पाठ गेली. लहान घरात भिंत ही साठवणीची जागा असते, ती उगाच घालवू नये.

पीओपी नको, याचं कारण उंची. तुमची स्लॅब साडेनऊ फुटांवर असेल. सीलिंग खाली आणलं की सहा-आठ इंच गेले, पंखा अजून खाली आला. लहान खोलीत उंची हीच श्रीमंती असते, ती पैसे देऊन कमी करायची नाही.

उजेडासाठी तुमच्याकडे एकाच भिंतीवर पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब आहे. तिने खोलीचा मधला भाग उजळतो आणि कोपरे काळे राहतात. कोपरा दिसला नाही तर डोळा खोली तिथेच संपली असं धरतो. ट्यूब काढू नका, मुलीच्या अभ्यासाला ती हवी. पण दिवाणाच्या वर आणि समोरच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून दोन लहान दिवे लावा, ४००० केल्व्हिनचे, म्हणजे ना निळसर ना पिवळे. खोक्यावर हा आकडा लिहिलेला असतो. संध्याकाळी नुसते हे दोन लावून बघा. पडद्याची दांडी खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना सात-आठ इंच जास्त आणि चौकटीच्या बरीच वर लावा, म्हणजे पडदा सरकवल्यावर तो भिंतीवर जातो आणि काच पूर्ण मोकळी राहते.

आरसा चालेल, पण एकच, ४ बाय अडीचचा, आणि खिडकीच्या समोर किंवा तिच्या काटकोनातल्या भिंतीवर. टांगायच्या आधी एकाला तो हातात धरून उभं करा आणि त्यात काय दिसतं ते बघा. आकाश, उजेड, तुळस दिसली तर लावा. बाथरूमचं दार किंवा किचनचा ओटा दिसत असेल तर पसारा दुप्पट होईल. आरशांच्या भिंती मी केल्यात, रोजच्या बोटांच्या डागांनी त्या वर्षभरात केविलवाण्या होतात.

रंग सगळ्यात शेवटी, आणि पावसाळ्यानंतर. भिंतीत ओल असेल तर आधी बाहेरून लीकेज बंद करा, नाहीतर खालच्या पुट्टीसकट रंग पोपडे धरून खाली येतो. हॉल आणि पॅसेजला एकच फिकट रंग, किंचित पिवळट झाक असलेला पांढरा. दारांच्या चौकटीही त्याच रंगात. प्रत्येक भिंतीला वेगळा रंग दिला की डोळा प्रत्येक कोपऱ्यात थबकतो.

पैशांचा अंदाज आमच्या भागातल्या दरांवरून देतो, तुमच्याकडे थोडा इकडेतिकडे होईल. हॉल आणि पॅसेजचा रंग १२ हजार, दिवाणाचे ड्रॉवर ८, दुमडतं टेबल साडेतीन, चपलांचा रॅक ३, दिवे आणि वायरिंग ३, पडदे-दांड्या अडीच, आरसा २, टीव्हीचा ब्रॅकेट आणि वायरची पट्टी दीड. साडेपस्तीस हजार झाले. साडेचार हजार राखून ठेवा, भिंत उघडली की काहीतरी निघतंच. खुर्च्या आणि स्टुलं सोफा-टेबल विकून आलेल्या पैशांत बसवा. सेकंडहँड बाजारात वेताच्या खुर्च्या चांगल्या मिळतात, फक्त पायांना वाळवी आहे का ते उलट्या करून बघा.

सुताराला बोलवायच्या आधी मुलीकडचा खडू घ्या आणि नव्या मांडणीची मापं जमिनीवर आखा. जुनं सामान दोन दिवस एका बाजूला रचून त्या रेघांमधून वावरा. कुठे पाय रेघेवर पडतो, फ्रिजचं दार कुठे आपटतं, ते कळेल आणि खडू पुसायला पैसे पडत नाहीत.

आणि सोफा विकायच्या आधी एक बघून ठेवा. सासूबाई रात्री बाथरूमला उठतात तेव्हा कशाला धरत जातात? बऱ्याच घरांत म्हातारी माणसं सोफ्याच्या पाठीला, मग टेबलाच्या कडेला, मग कपाटाला हात लावत अंधारात वाट काढतात. घरच्यांनाच नव्हे, त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसतं. आपण हॉल मोकळा करतो आणि त्यांचा आधारच काढून घेतो. तसं असेल तर दिवाणापासून बाथरूमपर्यंतच्या भिंतीला त्यांच्या कमरेच्या उंचीवर गोल लाकडी दांडा बसवा, पॅसेजमध्ये जमिनीलगत एक छोटा रात्रदिवा लावा, आणि चार दिवस त्यांना दांड्याची सवय होऊ द्या. सोफा त्यानंतर हलवा.